‘भारत एक खोज’चा गौरवग्रंथ कसा लिहावा?

गेली तीन वर्षे मी एका पुस्तकाच्या मागे आहे. विषय आहे श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही दूरदर्शन मालिका. नोव्हेंबर १९८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मी नववीत होतो आणि पुढची त्रेपन्न भागांची वाटचाल मी जवळपास एकही भाग न चुकवता पाहिली. इतिहासाची गोडी मला लागली ती तिथे. पुढे कॉलेज अर्धवट सुटले, नोकरी हिशेबाची मिळाली, पण वाचन सुटले नाही, याचे बरेचसे श्रेय मी या मालिकेला देतो. अशा मालिकेवर कृतज्ञतेने एक गौरवग्रंथ लिहावा असे वाटणे साहजिक होते. ऐंशी पानांचा पहिला मसुदा झालाही. तो मी बाजूला ठेवला आहे. त्या पानांत काय चुकले, आणि लहानपणी जिवाभावाच्या झालेल्या कलाकृतीवर लिहिताना लेखकाने स्वतःकडून काय मागायला हवे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. किल्ल्यातले पुस्तक, क्लबातला पडदा

ही मालिका नगर जिल्ह्याच्या दृष्टीने परकी नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे सारे मिळून बाराजण. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ते प्रसिद्ध केले. अर्पणपत्रिका किल्ल्यातल्या सहबंद्यांना आहे आणि पहिल्या प्रकरणाचे नावच ‘अहमदनगरचा किल्ला’ असे आहे. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही याच भिंतींआड लिहिलेली. बेनेगलांची मालिका नेहरूंच्या या पुस्तकावर आधारलेली आहे, हे सर्वज्ञात आहे.

पुस्तक लिहिले गेले त्याला चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर तेच पुस्तक दिल्लीहून, हिंदीतून, चित्ररूपाने आमच्याकडे परत आले. आमच्याकडे म्हणजे किल्ल्यापासून एस.टी.ने दीड तासावरच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत. वडील तिथे टाइमकीपर होते. कामगारांच्या क्लबात एक रंगीत टीव्ही होता. बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ला सुरू झालेले होते. त्याला क्लबात पाय ठेवायला जागा नसायची, चपलांचा ढीग पायऱ्यांच्याही खाली जायचा. ‘भारत एक खोज’ला आम्ही पाचसहाजण उरायचो: दोन शिक्षक, प्रयोगशाळेतले एक केमिस्ट, मी, माझा धाकटा भाऊ आणि दाराला कुलूप लावायची वाट बघत बसलेला शिपाई.

पहिल्या मसुद्यात हे सगळे होते. गच्चीवर चढून अँटेना फिरवणे, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, लाकडी शटरचा टीव्ही, सारे रंगवून लिहिले होते. मग एका मित्राने पाने वाचून विचारले, “यातलं मालिकेबद्दल काय आहे?” मी पुन्हा वाचले. ऐंशीपैकी पन्नास पाने टीव्हीच्या खोक्याविषयी होती. मालिकेच्या जागी ‘एक शून्य शून्य’ किंवा ‘मालगुडी डेज’ घातले असते तरी त्या पन्नास पानांतला एक शब्द बदलावा लागला नसता.

आपल्याकडचे दूरदर्शनविषयक बरेचसे स्मरणलेखन या जातीचे आहे. ते खोटे नसते. एका पिढीच्या सामूहिक जगण्याची नोंद म्हणून त्याला किंमतही आहे. पण त्यात कलाकृती निमित्तमात्र होते आणि आपले बालपण नायक होते. दुसरीकडे, गौरवग्रंथाची आपली जुनी परंपरा षष्ट्यब्दीपूर्ती आणि अमृतमहोत्सवाच्या सोहळ्यांतून आली आहे. तिथे संपादक मंडळ असते, शुभसंदेश असतात आणि सत्कारमूर्ती समोर बसलेली असल्यामुळे अवघड प्रश्न कोणी विचारत नाही. एका प्रकाशकांनी माझ्या आराखड्यातले ‘मालिकेच्या उणिवा’ हे प्रकरण वाचून, “गौरवग्रंथात हे कशाला?” असे विचारले. प्रश्न त्यांच्या जागी रास्त होता. त्याचे उत्तर मला शेवटी मालिकेतच सापडले.

२. तीन रकाने

मसुदा बाजूला ठेवल्यावर मी एक लांब वही घेतली आणि त्रेपन्न भाग पहिल्यापासून पुन्हा पाहायला लागलो. पानावर तीन रकाने आखले: पुस्तकात काय आहे, मालिका काय करते, आणि मला काय आठवत होते.

तिसऱ्या रकान्याने लगेच मान खाली घालायला लावली. शीर्षकगीत संस्कृतात आहे, असे मी पस्तीस वर्षे सांगत आलो होतो. प्रत्यक्षात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे मूळ शब्द थोडेच आहेत. मनात रुतून बसलेला भाग हिंदी आहे आणि तो वसंत देव यांचा आहे. मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या या मराठी माणसाने ते सूक्त इतक्या सहज हिंदीत आणले, आणि वनराज भाटियांनी त्याला असा घनगंभीर स्वरमेळ दिला, की माझ्यासारख्या खेड्यातल्या पोराला आपण वेदच ऐकतो आहोत असे वाटले. अनुवादकाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते? पण माझ्या मसुद्यात वसंत देव यांचे नाव नव्हते. मी त्यांचे श्रेय भाबडेपणाने ऋषींना देऊन टाकले होते.

दुसरी चूक शिवाजी महाराजांच्या भागांची. नसीरुद्दीन शाह यांचे ते भाग पाचसहा आठवडे चालले असे माझ्या मनात पक्के होते. आहेत दोनच. बाकीचे आठवडे आम्ही शाळेच्या मैदानावर स्वतःच चालवले असणार. स्मरणरंजनाचा लेख या चुकीवर उभा राहू शकतो. समीक्षेला मात्र दोन भागांतच काय केले आहे ते पाहावे लागते.

३. मालिका पुस्तकाचा मान कसा राखते?

पहिल्या दोन रकान्यांची तुलना करताना मूळ प्रश्नाला वाट फुटली.

नेहरूंचे पुस्तक पडद्यावर आणण्यासारखे मुळीच नाही. त्यात कथानक नाही, पात्रे नाहीत. ते एका कैद्याचे प्रकट चिंतन आहे. सिंधू संस्कृतीवरून ते चीनकडे वळते, तिथून तत्त्वज्ञानाकडे, मग बंगालच्या दुष्काळाकडे. साने गुरुजींनी त्याचा ‘भारताचा शोध’ हा मराठी अनुवाद केला, त्यातही हा भटका स्वभाव जाणवतो. बेनेगलांनी यावर काढलेला तोडगा असा: रोशन सेठ नेहरूंच्या रूपात विचार मांडतात, ओम पुरी निवेदनातून काळाची चौकट सांगतात आणि मग तो काळ नाट्यरूपाने उभा राहतो. हे नाट्य पुष्कळदा त्या त्या काळाच्या स्वतःच्या साहित्यातून घेतलेले असते. तमिळ प्रदेशासाठी ‘शिलप्पदिकारम्’, अभिजात काळासाठी ‘शाकुंतल’, पुढे ‘पृथ्वीराज रासो’ आणि ‘पद्मावत’. शमा झैदी आणि अतुल तिवारी यांच्या पटकथेचे हे मोठे कर्तृत्व आहे. लोकांनी स्वतःविषयी काय गाइले, काय खेळले, ते आधी दाखवायचे आणि त्या गाण्यात व इतिहासात कुठे अंतर आहे हे निवेदकाने सांगायचे. आख्यायिका इतिहास म्हणून खपवायची नाही आणि खोटी म्हणून फेकूनही द्यायची नाही, हा धडा मी पाठ्यपुस्तकाआधी इथे शिकलो.

महाभारताचे भाग या दृष्टीने पुन्हा पाहावेत. त्याच महिन्यांत चोप्रांच्या मालिकेत बाणावर बाण आदळून आकाशात ठिणग्या उडत होत्या. बेनेगलांनी महाभारत सांगण्यासाठी तीजनबाईंना उभे केले. छत्तीसगडच्या या पंडवानी गायिकेच्या हातातला तंबोराच कधी गदा होतो, कधी धनुष्य. आम्ही मुले तेव्हा हसलो होतो. आज कळते की तिथे दिग्दर्शक एक ऐतिहासिक विधान करत होता: महाभारत हा ग्रंथ होण्याआधी आणि झाल्यानंतरही कोणाच्या तरी कंठात राहिलेला आहे, आणि तो कंठ राजवाड्यातलाच असतो असे नाही.

पात्रयोजनेतही हेच धोरण दिसते. सलीम घौस यांनी राम केला, कृष्ण केला आणि टिपू सुलतानही केला. ओम पुरी अशोक होते, अलाउद्दीन खलजी होते आणि औरंगजेबही. रामानंद सागरांच्या ‘रामायणा’तल्या अरुण गोविलांना लोक रस्त्यात नमस्कार करत. घौस यांच्या बाबतीत तसे होणे अवघड होते, कारण काही महिन्यांनी तोच चेहरा श्रीरंगपट्टणच्या तटावर दिसणार होता. मालिका प्रेक्षकाला सतत आठवण देते की हे सोंग आहे, पाहा आणि विचार करा.

आणि मग जोतीराव फुले. नेहरूंच्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातल्या जागृतीची चर्चा येते, तिथे राममोहन रॉय, दयानंद, रामकृष्ण, विवेकानंद भेटतात. जोतीराव भेटत नाहीत. मालिकेने मात्र फुल्यांना एक स्वतंत्र भाग दिला. ज्या पुस्तकाला मानवंदना द्यायची त्याच पुस्तकाची एक मोठी रिकामी जागा बेनेगलांनी गाजावाजा न करता भरली. नेहरूंवर टीकेचा एक शब्द नाही. फक्त ज्याला बोलावणे राहून गेले होते त्याला पंगतीत आणून बसवले.

माझ्या प्रकाशकांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. ‘भारत एक खोज’ स्वतःच एक गौरवग्रंथ आहे, नेहरूंच्या पुस्तकाचा. पुस्तकाचा मान तिने कसा राखला? त्याच्या प्रश्नपद्धतीशी इमान ठेवून आणि त्याची उत्तरे तपासून. जिथे उणे होते तिथे भर घालून. मालिकेवर लिहिणाऱ्याने मालिकेला हेच देणे आहे. तिची नुसती आरती करणे म्हणजे तिच्याकडून काहीच न शिकणे होय.

४. नगरची देवघेव

हा निकष हातात घेऊन मी आमच्या जिल्ह्यापुरता हिशेब मांडला.

फुल्यांची भूमिका सदाशिव अमरापूरकर यांनी केली होती. ते नगरचे. आम्हाला तोवर ते ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी म्हणून ठाऊक होते, त्यामुळे पहिली काही मिनिटे आम्ही हा माणूस कधी दगा देतो याची वाट पाहत होतो. या निवडीला आणखी एक धागा आहे, जो मला खूप उशिरा कळला. मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा जोतीरावांना मिळाली ती नगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फेरार यांची मुलींची शाळा पाहून. पुढे १८४८ साली पुण्यात त्यांची शाळा निघाली. म्हणजे नगरच्या किल्ल्यात लिहिलेल्या पुस्तकात नसलेले फुले, ज्यांना नगरच्या शाळेने वाट दाखवली होती, ते नगरच्या नटाच्या रूपाने मालिकेत आले. हा योगायोगच आहे. पण जिल्ह्यातल्या संशोधकाने तो नोंदवला नाही तर कोण नोंदवणार?

आता उलट बाजू. नेहरूंनी पुस्तकात इंदूरच्या अहिल्याबाईंच्या तीस वर्षांच्या राज्यकारभाराविषयी आदराने लिहिले आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. ज्या जिल्ह्याच्या किल्ल्यात हे लिहिले गेले त्याच जिल्ह्याची ती लेक, आणि आता जिल्ह्याचे नावच अहिल्यानगर झाले आहे. मालिकेत मात्र त्यांना स्वतंत्र भाग नाही. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात नेहरूंना चांदबिबी आठवते, अकबराच्या फौजेविरुद्ध तिने लढवलेला हा किल्ला आठवतो. मालिकेत अकबराला दोन भाग मिळाले. चांदबिबीला आणि मलिक अंबरला स्वतंत्र भाग नाही. शेतसाऱ्याची घडी बसवणारा आणि मोगलांना वर्षानुवर्षे दख्खनच्या वेशीवर झुंजवणारा तो हबशी वजीर मालिकेच्या नकाशात ठळक होत नाही. इतिहासाचा कॅमेरा मुख्यतः दिल्लीकडून दक्षिणेकडे पाहतो. चोल आणि विजयनगर त्यात आहेत, पण मधले सुलतानशाहीचे दख्खन धूसर राहते. बेनेगलांसारख्या हैदराबादच्या परिसरात वाढलेल्या दिग्दर्शकाकडून हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते.

त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षे बसवताना काही सुटणारच, हा बचाव मला मान्य आहे. तरीही काय सुटले याची यादी गौरवग्रंथात हवी. या संदर्भात निजामशाहीतलाच एक दाखला बोलका आहे. ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ हे हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे फारसी काव्य आफताबी नावाच्या कवीने रचले. १५६५च्या तालिकोटच्या विजयाचे त्यात वर्णन आहे. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. म्हटले तर हा नगरचा गौरवग्रंथच. त्यातल्या चित्रांत सुलतानाशेजारी त्याची राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, काढलेली होती. पुढे तिच्या मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. आज त्या चित्रांपैकी बहुतेकांत राणीच्या जागी रंगाचा फराटा आहे. अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. गंमत अशी की पुसल्यामुळेच ती आता आधी दिसते. चित्र पाहणाऱ्याचा डोळा सुलतानावर न थांबता त्या फराट्यावर जातो. गौरवग्रंथातून गैरसोयीचे पुसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

५. चौथा रकाना

वहीत नंतर मला चौथा रकाना आखावा लागला: हे कोणी पाहिले?

क्लबातल्या पाचसहाजणांची यादी मी वर दिली आहे. ती अपुरी आहे. मालिका सुरू झाली तेव्हा गळीत हंगाम सुरू होता. कारखान्याच्या माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या होत्या. त्यांतली सातआठ पोरे क्लबाच्या खिडकीचे गज धरून बाहेरून टीव्ही बघत असत. शिपाई त्यांना महाभारताच्या वेळी हाकलायचा, कारण आतल्यांना उजेड आडवा यायचा. ‘भारत एक खोज’च्या वेळी हाकलत नसे, कारण आत कोणी तक्रार करणारे नसायचे. पहिल्या मसुद्याच्या ऐंशी पानांत ही पोरे एकदाही आली नव्हती. मी लबाडी केली नव्हती. मला ती आठवलीच नाहीत. माझ्या आठवणीतली फ्रेम खिडकीच्या आतली होती.

त्यांच्यापैकी एकजण मला गेल्या वर्षी भेटला. आता तो पाथर्डी तालुक्यात स्वतःचे पिठाची गिरणीचे दुकान चालवतो. मालिकेचे नाव त्याला आठवेना. नेहरू आठवेनात. शीर्षकगीत गुणगुणून दाखवले तरी ओळख पटली नाही. मग म्हणाला, “एक बाई होती बघा, तंबोरा घेऊन वरडत होती. तिची बोली काय कळत नव्हती. पर आमची म्हातारी जात्यावर गाताना असाच हात उडवायची.” मी विचारले, फुल्यांचा भाग पाहिला होता का? तो हसला. “तवर पट्टा पडला असंल. आमी गावाकडं.”

वही काढून मी हिशेब केला. मालिका आठवड्याला एक भाग या चालीने चालली. नोव्हेंबरमध्ये सुरुवात, तीजनबाईंचे भाग सुरुवातीच्या पाचसहा आठवड्यांतले, म्हणजे भर हंगामातले. फुल्यांचा भाग शेवटच्या टप्प्यातला. तोवर हंगाम कधीच संपला होता, टोळ्या गेल्या होत्या, नव्या यायच्या होत्या. ज्या भागाने पुस्तकातली सगळ्यात मोठी उणीव भरून काढली, त्या भागाच्या वेळी खिडकी मोकळी होती. याला बेनेगल जबाबदार नाहीत, दूरदर्शनही नाही. पण ही माहिती कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाही. ती माणसांकडे आहे आणि माणसे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

विचारायला उशीर तर झालाच आहे. अमरापूरकर २०१४ साली गेले. मी त्याच शहरात वर्षानुवर्षे ये-जा करत होतो आणि त्यांना एक पत्रही टाकले नाही. ओम पुरी २०१७ला गेले, वनराज भाटिया २०२१ला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द बेनेगल. मोठ्या माणसांच्या मुलाखती ध्वनिफितींत, छापील अंकांत उरलेल्या असतात, त्या शोधता येतील. क्लबातल्या दोन शिक्षकांपैकी एकच आता हयात आहेत. त्यांच्याकडे मी दर महिन्याला जातो.

किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे, नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. पहिल्या प्रकरणात नेहरू सांगतात की बागेसाठी जमीन खणताना त्यांना जुन्या भिंती लागल्या, इमारतींचे माथे लागले, एके ठिकाणी भिंतीवर दगडात कोरलेले सुंदर कमळ सापडले. फार खोल खणायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. मालिकेवरचे माझे पुस्तक आता या प्रसंगाने सुरू होते. दुसरे प्रकरण वसंत देवांवर आहे. तिसरे खिडकीवर असेल. ते अजून लिहून झालेले नाही, कारण गज धरून उभ्या असलेल्या सातआठ पोरांपैकी मला आतापर्यंत एकच सापडला आहे.